एल-२वर आलेल्या जोडीदाराला नोकरीचा हक्क आहे. तो कंपनीला दाखवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पती कंपनीच्या बदलीने एल-१ व्हिसावर अमेरिकेत आले, पत्नी कुटुंबीयांसाठीच्या एल-२ व्हिसावर सोबत आली. तिला एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं. रुजू होण्याआधी एचआरने ईएडी कार्डाची, म्हणजे कामाच्या परवानगीच्या सरकारी कार्डाची, प्रत मागितली. कार्ड नाही म्हटल्यावर, ‘मग आम्हाला तुम्हाला स्पॉन्सर करावं लागेल आणि तसं आमचं धोरण नाही,’ असं उत्तर आलं. तिने लग्नाचा दाखला, पतीच्या एल-१चं मंजुरीपत्र आणि पासपोर्टवरचा व्हिसा असं सगळं पाठवून पाहिलं. उपयोग झाला नाही. आता ती विचारते आहे की कार्डासाठी अर्ज करून थांबून राहायचं, की दुसरा काही मार्ग आहे?

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या बाजूने हेच काम करते. नव्याने रुजू होणाऱ्यांची कागदपत्रं तपासायची, आय-९, म्हणजे कर्मचाऱ्याची ओळख आणि कामाचा हक्क नोंदवणारा सरकारी फॉर्म, भरून घ्यायचा आणि सरकारी तपासणी लागली की त्या फॉर्मांचा हिशेब द्यायचा. त्यामुळे तुमच्या एचआरला नेमकी भीती कशाची वाटते आहे, ते मला ठाऊक आहे. आधी मुख्य गोष्ट सांगते. तुमचं एल-२ स्टेटस चालू असेल तर काम करण्याचा हक्क तुम्हाला आजच आहे. कार्ड लागत नाही, स्पॉन्सरशिप तर अजिबात लागत नाही. अडलं आहे ते एवढ्यावर की तुम्ही पाठवलेल्या तीन कागदांपैकी एकही आय-९च्या यादीत बसत नाही. लग्नाचा दाखला फक्त लग्न झाल्याचं सांगतो. पतीचं मंजुरीपत्र पतीबद्दल सांगतं. आणि व्हिसाचा स्टिकर देशाच्या दारापर्यंत येण्यापुरता असतो, आत आल्यावर तुमचं स्टेटस काय हे तो ठरवत नाही. तपासणाऱ्यासमोर हक्काची कहाणी कितीही नीट मांडली तरी त्याला फॉर्मवर कागदाचं नाव, क्रमांक आणि मुदत लिहायची असते. तो कागद त्याच्या हातात द्या, बाकीचं बोलणं आपोआप कमी होतं.

एचआरचा गोंधळ होण्यामागे कारण आहे. एल-१वाल्यांच्या जोडीदारांना काम करू द्यावं असा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला आणि जानेवारी २००२मध्ये त्यावर सही झाली. इमिग्रेशन खात्याने मात्र त्याची अंमलबजावणी अशी केली की आधी अर्ज करा, ईएडी कार्ड घ्या आणि मगच कामाला लागा. जवळजवळ वीस वर्षं हेच चाललं. नवं कार्ड यायला महिनोन्‌महिने लागायचे, नूतनीकरण रखडलं की चालू नोकरी हातची जायची. शेवटी काही जोडीदारांनी कोर्टात दाद मागितली. शेरगिल विरुद्ध मायॉर्कस या खटल्यात नोव्हेंबर २०२१मध्ये तडजोड झाली आणि सरकारने मान्य केलं की एल-२ जोडीदाराचा काम करण्याचा हक्क स्टेटससोबतच येतो. आता पुराव्याचा प्रश्न उरला, कारण एल-२ स्टेटस मुलांनाही मिळतं आणि मुलांना काम करता येत नाही. म्हणून ३० जानेवारी २०२२पासून आय-९४वर, म्हणजे प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या सरकारी नोंदीवर, जोडीदारासाठी एल-२एस आणि मुलांसाठी एल-२वाय असे वेगळे कोड यायला लागले. तुमचा पुरावा त्या ‘एस’मध्ये आहे. ज्यांनी हे काम २०२२च्या आधी शिकून घेतलं आणि नंतर नियमांची पुस्तिका उघडून पाहिली नाही, त्यांच्या डोक्यात ‘एल-२ म्हणजे कार्ड हवंच’ हे अजून पक्कं बसलेलं असतं.

तेव्हा पहिलं काम आय-९४ काढायचं. सीबीपीच्या, म्हणजे सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याच्या, अधिकृत संकेतस्थळावर ‘मोस्ट रीसेंट आय-९४’ असा पर्याय आहे. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि पासपोर्ट देणारा देश भरला की एका पानाची नोंद उघडते. ती फुकट मिळते. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते बंद करा. हे पान छापायच्या आधी चार ठिकाणी नजर टाका. वर अकरा अक्षरांकांचा नोंद क्रमांक असतो, तो पुढे फॉर्ममध्ये लागेल. ‘अ‍ॅडमिट अनटिल डेट’ ही तुमची मुदत. पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल तर कधीकधी अधिकारी ही तारीखही तिथेच कापतात, आणि पतीच्या तारखेपेक्षा तुमची वेगळी निघते. कुटुंबात एकाचंच आय-९४ पाहून सगळ्यांची तारीख तीच धरू नका. तिसरं नाव: पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने हवं. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, ‘क्लास ऑफ अ‍ॅडमिशन’. तिथे एल२एस दिसायला हवं. व्हिसाच्या स्टिकरवर नुसतं एल२ लिहिलेलं असेल तर त्याने काही बिघडत नाही.

आय-९४वरच नुसतं एल२ आलं असेल तर मात्र दुरुस्ती करून घ्यावी लागेल. विमानतळावर किंवा सीमेवर आत येताना ही नोंद झाली असेल तर सीबीपीच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयाशी संपर्क साधा. तुम्ही मुलगी किंवा मुलगा नसून जोडीदार आहात हे दाखवायला इथे लग्नाचा दाखला खरोखर उपयोगी पडतो. तो सोबत ठेवा, इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतरासह. अमेरिकेत राहूनच मुदतवाढ घेतली असेल तर नवं आय-९४ यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, मंजुरीपत्राच्या तळाशी छापून येतं. तिथे चूक असेल तर ती यूएससीआयएसकडूनच दुरुस्त करून घ्यायची, सीबीपीला त्यात हात घालता येत नाही. अशा वेळी संकेतस्थळावर तुमची जुनी, प्रवेशाच्या वेळची नोंदच दिसत राहू शकते. मंजुरीपत्र नंतरचं असेल तर त्याच्या तळाशी असलेलं आय-९४ धरायचं.

आता आय-९कडे येऊ. अमेरिकेत १९८६च्या कायद्यापासून प्रत्येक कंपनीला प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यासाठी हा फॉर्म भरावा लागतो, मग तो नागरिक असो वा परदेशी. फॉर्मसोबत कागदांच्या तीन याद्या असतात. यादी ‘ए’मधला कागद ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही सिद्ध करतो. तो नसेल तर ‘बी’मधला एक, ओळखीसाठी, आणि ‘सी’मधला एक, हक्कासाठी, असे दोन द्यायचे. ईएडी कार्ड आणि ग्रीन कार्ड ‘ए’मध्ये येतात. एल-२एस लिहिलेलं आय-९४ येतं ‘सी’मध्ये, सातव्या क्रमांकाखाली. त्या ओळीत ‘गृहसुरक्षा खात्याने दिलेला काम करण्याच्या परवानगीचा कागद’ अशा अर्थाचं वाक्य आहे. इंग्रजीत ते ईएडीच्या पूर्ण नावासारखंच वाचलं जातं, आणि एचआरचा माणूस नेमका तिथे घसरतो. त्याला वाटतं, हा कागद म्हणजे कार्डच.

आता ज्यात बहुतेक जण अडकतात तो भाग, आणि तो आय-९४चा नाही. आय-९४ झालं ‘सी’. मग ‘बी’साठी काय? सगळे पासपोर्ट पुढे करतात. पण परदेशी पासपोर्ट ‘बी’ यादीत नाहीच! विश्वास बसत नाही, मलाही लोकांना यादी उघडून दाखवावी लागते. ‘बी’मध्ये आहे राज्याने दिलेलं ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं ओळखपत्र, फोटो असलेलं शाळा-कॉलेजचं ओळखपत्र वगैरे. ‘ए’ यादीत परदेशी पासपोर्टचा उल्लेख आहे, पण तो ठरावीक शिक्क्यासोबत, किंवा ज्यांचा हक्क एकाच कंपनीपुरता आहे अशांच्या आय-९४सोबत. म्हणजे तुमच्या पतीने पासपोर्ट आणि आय-९४ दाखवून आय-९ भरला असेल आणि ते अगदी योग्य असेल. तुम्ही तेच दोन कागद दाखवलेत तर चालणार नाही. घरात एकाचं झालं तसंच दुसऱ्याचं होईल हा समज इथे तोट्यात घालतो.

त्यामुळे अमेरिकेत आल्या आल्या, नोकरी शोधायच्याही आधी, राज्याच्या मोटार वाहन कार्यालयातून, म्हणजे डीएमव्हीतून, लायसन्स किंवा गाडी चालवत नसाल तर साधं राज्य ओळखपत्र काढा. बऱ्याच जणांना हे दुसरं कार्ड असतं हेच माहीत नसतं. डीएमव्ही तुमचं स्टेटस केंद्र सरकारच्या प्रणालीतून पडताळते आणि नुकत्याच आलेल्यांची नोंद तिथे दिसायला कधीकधी काही दिवस जातात, म्हणून पहिली खेप वाया गेली तर घाबरू नका. पण हे लक्षात ठेवा: पहिल्यांदाच केलेल्या अर्जाची नुसती पावती आय-९ला चालत नाही. पावतीची सवलत हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या कागदाच्या बदलीपुरती आहे, आणि तीही ९० दिवसांची.

कागद हातात आले की एचआरला पुन्हा मेल करा, पण आधीच्या मेलची साखळी पुढे ओढू नका. त्यात स्पॉन्सरशिप, पतीची कंपनी, लग्न असं सगळं मिसळलेलं आहे. नवा, आठ-दहा ओळींचा मेल लिहा. माझं स्टेटस एल-२एस आहे. एल-२ जोडीदाराला स्टेटसमुळेच कुठल्याही कंपनीत काम करता येतं, त्यासाठी कंपनीला कसलाही अर्ज किंवा खर्च करावा लागत नाही. आय-९साठी मी यादी ‘बी’मधून राज्याचं ओळखपत्र आणि यादी ‘सी’च्या सातव्या क्रमांकाखाली एल-२एस नोंद असलेलं आय-९४ देणार आहे. यूएससीआयएसच्या एम-२७४ या, खास कंपन्यांसाठीच काढलेल्या पुस्तिकेत हे स्पष्ट दिलेलं आहे. एवढंच. खटल्याचं नाव, कलमं, वकिलाची धमकी काही घालू नका. एम-२७४चा उल्लेख पुरतो, कारण एचआरचा माणूस ज्या पुस्तिकेला मानतो ती हीच. ओळखपत्राच्या आणि आय-९४च्या प्रती आधीच जोडायची घाई करू नका. कागद दाखवण्याची वेळ नोकरी स्वीकारल्यानंतरची आहे.

‘कंपनी ईएडीच हवं म्हणून अडून बसू शकते का?’ नाही. याद्यांपैकी कुठले कागद द्यायचे ते कर्मचारी निवडतो. कागद वरकरणी अस्सल आणि त्याच व्यक्तीचे दिसत असतील तर कंपनीने ते स्वीकारायचे असतात. माणसाचं इमिग्रेशन स्टेटस किंवा मूळ देश पाहून विशिष्ट कागदाचा आग्रह धरणं कायद्याने मना आहे, आणि त्याच्या तक्रारी न्याय खात्याच्या ‘इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स’ विभागाकडे जातात. तिथे कर्मचाऱ्यांसाठी मोफत हेल्पलाइन आहे, आणि अनेकदा विभागाचा माणूस थेट कंपनीला फोन करून नियम समजावतो. औपचारिक तक्रारीची वेळच येत नाही. इथे एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. हे संरक्षण कागद तपासण्याच्या टप्प्याचं आहे. नोकरीवर घ्यायचं की नाही, या टप्प्यावर नागरिकत्वाच्या स्थितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध जे संरक्षण आहे, ते नागरिक, ग्रीन कार्डवाले, निर्वासित आणि आश्रय मिळालेले यांनाच आहे. एल-२वाल्यांना ते मिळत नाही. म्हणून सुरुवातीलाच गैरसमज होऊ न देणं तुमच्या हिताचं.

तो गैरसमज होतो ऑनलाइन अर्जातल्या दोन प्रश्नांवर. पहिला: तुम्हाला अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? उत्तर, हो. दुसरा: आता किंवा पुढे तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का? ‘आता’चं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. ‘पुढे’चं उत्तर तुमच्या घरच्या नियोजनावर ठरतं. पतीची कंपनी ग्रीन कार्डाची प्रक्रिया करत असेल आणि तुम्ही त्यात जोडीदार म्हणून असाल, तर तुमच्या कंपनीला काही करावं लागत नाही. पण एल-१बीची (विशेष ज्ञान असलेले कर्मचारी) कमाल मुदत ५ वर्षं आणि एल-१एची (व्यवस्थापक, अधिकारी) ७ वर्षं असते, आणि ती संपल्यावर तुम्ही स्वतःसाठी एच-१बी हा कंपनीने स्पॉन्सर करायचा नोकरीचा व्हिसा मागणार असाल तर ‘नाही’ म्हणणं खरं नाही. इथे खोटं उत्तर देऊ नका. ते नंतर नोकरीवरून काढण्याचं कारण ठरू शकतं. मोकळी जागा असेल तर एक ओळ लिहा: एल-२एस स्टेटस, सध्या कुठल्याही स्पॉन्सरशिपची गरज नाही.

रुजू होतानाच्या तारखा काटेकोर असतात. फॉर्मचा पहिला भाग तुम्ही कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. ऑफर स्वीकारल्यावर आधीही भरता येतो. त्यात चार चौकटी असतात, तुमची चौथी: ठरावीक तारखेपर्यंत काम करण्याची परवानगी असलेली परदेशी व्यक्ती. तारीख आय-९४वरची घालायची आणि त्याखाली आय-९४चा क्रमांक. दुसरा भाग कंपनी भरते, कामाला सुरुवात झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत. सोमवारी रुजू झालात तर गुरुवारपर्यंत. तोवर ‘बी’ आणि ‘सी’ दोन्ही मूळ कागद दाखवता आले नाहीत तर कंपनी तुम्हाला कामावरून कमी करू शकते, आणि त्यात तिची चूक नसते. डीएमव्हीचं कार्ड अजून पोस्टात असेल तर रुजू होण्याची तारीखच पुढे मागून घ्या. नोकरी घरून करायची असेल तर विचारा की कंपनी ई-व्हेरिफाय, म्हणजे कामाचा हक्क ऑनलाइन पडताळण्याची सरकारी प्रणाली, वापरते का. वापरत असेल तर ऑगस्ट २०२३पासून ती कागदांच्या प्रती घेऊन व्हिडिओ कॉलवर तपासणी करू शकते. नसेल तर कुणीतरी प्रत्यक्ष कागद हातात घेऊन पाहायला हवेत. त्यासाठी कंपनी तुमच्या गावात कुणालाही आपला प्रतिनिधी नेमू शकते.

सोशल सिक्युरिटी नंबरबद्दल दोनच गोष्टी. एल-२एसच्या आय-९४वर तो मिळतो. अर्जाला जाताना पासपोर्ट, आय-९४ आणि लग्नाचा दाखला न्या. मिळणाऱ्या कार्डावर ‘गृहसुरक्षा खात्याच्या परवानगीसहच कामासाठी वैध’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते, आणि म्हणूनच ते कार्ड ‘सी’ यादीत चालत नाही. ते पेरोलला द्या, आय-९साठी आय-९४च ठेवा. नंबर यायला उशीर झाला तरी काम सुरू करता येतं. कंपनी ई-व्हेरिफायवाली असेल तर नंबर आल्यावर ती तुमची नोंद करते.

नावांचं जुळणं ही मात्र रेंगाळून पाहण्याची बाब आहे. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच दोन शब्द, किंवा आडनावाचा रकानाच रिकामा आणि म्हणून इथे नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, पहिलं नाव माहीत नाही) छापून आलेलं. अशांची नोंद पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरी, सोशल सिक्युरिटीत तिसरी होते. ई-व्हेरिफायमध्ये मग ‘जुळत नाही’ असा निकाल येतो. तो अंतिम नसतो. कंपनीने तुम्हाला तो खासगीत कळवायला हवा, आणि तुम्ही आव्हान द्यायचं ठरवलंत तर ८ शासकीय कामकाजाच्या दिवसांत संबंधित कार्यालयाशी संपर्क साधायचा असतो. तोवर कंपनी तुम्हाला काढू शकत नाही, पगार अडवू शकत नाही. पण सगळ्यात सोपं म्हणजे आल्यावर पहिलं कार्ड काढतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं घालायचं, आणि काउंटरवरून उठण्याआधी पावतीवरचं स्पेलिंग वाचायचं.

आता ईएडीसाठी अर्ज करावा का? एल-२ जोडीदाराला तो आजही करता येतो, कार्डावर ए१८ असा वर्ग येतो, आणि कार्ड ‘ए’ यादीत असल्याने ‘बी’चा प्रश्न मिटतो. पण ते सोयीसाठी. तुमच्या ऑफरची तारीख डोक्यावर असताना त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. राज्याचं ओळखपत्र त्याच्या कितीतरी आधी हातात येतं.

हे सगळं एल-२पुरतं आहे आणि मैत्रिणीचा अनुभव ऐकून गल्लत होते म्हणून एच-४चं वेगळं सांगते. एच-१बीच्या जोडीदाराला स्टेटससोबत कामाचा हक्क येत नाही. २६ मे २०१५पासून लागू झालेल्या नियमाने, एच-१बीधारकाचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला अर्ज, मंजूर असेल किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळालेली असेल, तरच जोडीदार ईएडीसाठी अर्ज करू शकतो. त्याच्या कार्डावर सी२६ वर्ग असतो. कार्ड हातात येईपर्यंत काम नाही, आय-९४ दाखवून चालत नाही, आणि एच-४चं मंजुरीपत्र म्हणजे कामाची परवानगी नव्हे. हा नियम रद्द करण्यासाठीचा खटला वर्षानुवर्षं चालला. २०२४मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, त्यामुळे तो चालू आहे. विद्यार्थ्याच्या एफ-२ जोडीदाराला काम करताच येत नाही. देवाणघेवाण कार्यक्रमाच्या जे-१ व्हिसावर आलेल्यांच्या जे-२ जोडीदाराला ईएडी घेऊन काम करता येतं.

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं म्हणूनही हक्क आपोआप मिळत नाही. अमेरिकेत राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज केला असेल तर तो प्रलंबित असताना ईएडी लागतं. परदेशातून इमिग्रंट व्हिसावर आलात तर मात्र पहिल्याच दिवशी पुरावा तुमच्या पासपोर्टात असतो: प्रवेशाचा शिक्का बसलेला तो व्हिसा वर्षभर तात्पुरत्या ग्रीन कार्डासारखा चालतो आणि पासपोर्टसह ‘ए’ यादीत बसतो. ग्रीन कार्डाची वाट पाहत घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ही ओळ व्हिसावरच छापलेली आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

शेवटचा भाग मुदतीचा, आणि रुजू झाल्यावर सगळे तो विसरतात. तुमचा हक्क आय-९४वरच्या तारखेला संपतो. एल-१, एच-१बीवाल्यांचा मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. ही सोय पतीला आहे, तुम्हाला नाही. तुमचा आय-५३९, म्हणजे मुदतवाढीचा, अर्ज प्रलंबित असेल तर देशात राहता येतं, पण आय-९४ची तारीख उलटल्यावर नव्या पुराव्याशिवाय काम थांबवावं लागतं. पूर्वी ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की आधी १८०, नंतर ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५पासून दाखल केलेल्या बहुतेक नूतनीकरणांना ती मिळत नाही. एच-४वाल्यांना याचा मोठा फटका बसतो, कारण त्यांना दुसरा पुरावाच नाही. त्यांनी कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधी अर्जाची खिडकी उघडताच अर्ज टाकावा.

तुम्ही आय-९४ संपण्याच्या सहा महिने आधी पतीच्या कंपनीच्या वकिलाला विचारा की मुदतवाढ कधी दाखल होणार आणि तुमचा अर्ज त्याच पाकिटात जाणार का. पतीचा अर्ज जलद प्रक्रियेत मंजूर झाला आणि तुमचा मागे राहिला, असं वारंवार होतं. देशाबाहेर जाऊन परत येताना नवं आय-९४ मिळतं, तोही एक रस्ता आहे, पण व्हिसाच्या स्टिकरची मुदत आणि प्रलंबित अर्जाची स्थिती वकिलाला दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका. नवा कागद आला की कंपनी आय-९च्या पुरवणी ‘बी’वर पुन्हा नोंद करते. तेव्हा फक्त हक्काचा पुरावा लागतो. लायसन्स पुन्हा मागायचं नसतं.

आणि पतीची नोकरी गेली तर? त्यांना नवी वाट शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या काळात तुम्हालाही इथे राहता येतं, काम करता येईल असं धरू नका. अशा वेळी आय-९४वरची तारीख पुढची दिसत असली तरी तुमचं स्टेटस त्यांच्या स्टेटसवर उभं आहे. घटस्फोट झाला तरी तेच. असा प्रसंग आला तर एचआरला सांगण्याआधी, त्याच आठवड्यात, स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठा. पतीच्या कंपनीचा वकील त्या वेळी तुमचा नसतो.